शकावलीवरून काढलेली मालिका: 'रिंग्ज ऑफ पॉवर'वरून प्रेक्षक का भांडतात

सप्टेंबर २०२२ चा पहिला शुक्रवार. दीड दिवसाच्या गणपतीचं आदल्या दिवशीच विसर्जन झालं होतं, उरलेले मोदक संपवायचं काम चालू होतं, आणि आमच्या सोफ्यावर तीन माणसं ॲमेझॉनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द रिंग्ज ऑफ पॉवर' बघत बसली होती. एक मी, कॉलेजपासून टॉल्किनची पारायणं केलेला. दुसरी बायको, तिनं पुस्तक कधी उघडलेलं नाही, पण पीटर जॅक्सनचे तिन्ही सिनेमे तिला जवळजवळ पाठ आहेत. तिसरा बारावीतला भाचा, गणपतीला आलेला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि "हिंदीतच लाव" म्हणून तो अडून बसला होता. (भारतात ती हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळममध्ये आली होती. मराठी त्या यादीत नव्हती. नेहमीचंच.)

पहिल्या दिवशी आलेले दोन्ही भाग संपले. बायको म्हणाली, "दिसतंय सुंदर, पण जीव कुणात गुंतवायचा तेच कळेना." भाचा म्हणाला, "मामा, भारी आहे. पुढचा कधी?" मी म्हणालो, "पुस्तकात हे असं नाहीच आहे."

पुढचे कित्येक महिने जगभर जे भांडण चाललं ते म्हणजे हेच तीन आवाज, लाखांनी गुणलेले. आजही कुणीतरी विचारतं, नक्की झालं काय? मालिका वाईट होती, बघणारे वाईट होते, की पुस्तकवाले किरकिरे? अडचण अशी, की "नाही आवडली" या दोन शब्दांखाली चार-पाच निरनिराळ्या तक्रारी एकत्र बांधलेल्या आहेत. गाठोडं सोडून त्या वेगळ्या केल्या तरच काही हाती लागतं.

कादंबरी नव्हे, सनावळी

आधी एक गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे निम्मी भांडणं वाया जातात. ही मालिका 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या गोष्टीवर नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांची ती कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. मुग्धा कर्णिक यांनी ती 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं मराठीत आणली आहे. (मुद्रिका म्हटलं की आपल्याला आधी अशोकवन आठवतं, तो भाग वेगळा.) फ्रोडो, त्याच्या गळ्यातली अंगठी आणि ती ज्वालामुखीत टाकण्याचा प्रवास हे सगळं त्या कादंबरीत आहे, आणि जॅक्सनचे सिनेमेही तिच्यावर. मालिका घडते त्याच्या हजारो वर्षं आधी, टॉल्किन ज्याला 'दुसरं युग' म्हणतात त्या काळात. म्हणजे ती अंगठी आणि तिच्यासारख्या इतर जादूच्या अंगठ्या मुळात कुणी, का घडवल्या, ती गोष्ट.

ही गोष्ट कादंबरीच्या तिसऱ्या खंडाला जोडलेल्या परिशिष्टांत आहे. त्यातलं एक परिशिष्ट म्हणजे निव्वळ सनावळी. ज्यांनी जेधे शकावली चाळली असेल त्यांना प्रकार लगेच कळेल: साल, आणि पुढे एका ओळीत काय घडलं. अमक्या साली गड घेतला, तमक्या साली फलाणे वारले. कोण काय बोललं, कुणाला रात्रभर झोप आली नाही, यातलं काही नाही. टॉल्किनचं दुसरं युग ३४४१ वर्षांचं आहे आणि सनावळीत त्याच्या वाट्याला जेमतेम काही पानं आली आहेत. १५९० साली एल्फांच्या, म्हणजे माणसांसारख्या दिसणाऱ्या पण अमर जमातीच्या, तीन अंगठ्या पूर्ण. १६९३ साली सॉरॉनशी, म्हणजे या कथेतल्या खलनायकाशी, युद्ध सुरू. ३३१९ साली नूमेनॉर बेट बुडालं. संपलं.

मग तपशील कुठे आहेत? ते 'द सिल्मरिलिअन'मध्ये आणि 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये. टॉल्किन १९७३ मध्ये वारले. त्यांच्या कागदांच्या ढिगाऱ्यातून मुलगा ख्रिस्टोफर यांनी ही पुस्तकं सिद्ध केली, पहिलं १९७७ साली आणि दुसरं १९८० साली. आणि गंमत म्हणजे नेमके याच दोन पुस्तकांचे हक्क ॲमेझॉनकडे नाहीत. त्यांच्याकडे आहेत ते 'द हॉबिट' आणि परिशिष्टांसकट 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' यांचे.

आता डोळ्यांसमोर आणा. तुमच्या हातात शकावली दिली आणि सांगितलं, यावरून पाच सीझनची मालिका काढा, पण बखरींना हात लावायचा नाही. आणि तुमच्या प्रेक्षकांतल्या काही लाखांना त्या बखरी तोंडपाठ आहेत. बखरीतला मजकूर उचललात तर वकील दारात. बखरीच्या उलट लिहिलंत तर वाचक दारात. मधली मोकळी जागा स्वतःच्या डोक्यातून भरलीत तर दोघंही म्हणणार, हे कुठून आणलं? मालिकेतला बराचसा भाग या तिसऱ्या वाटेनं आलेला आहे.

हा विचित्र व्यवहार झाला कसा तेही सांगतो. टॉल्किन यांनी हयातीतच, १९६९ साली, सिनेमाचे हक्क युनायटेड आर्टिस्ट्सला विकले होते. लांबलचक टीव्ही मालिकेचे हक्क मात्र कुटुंबाच्या इस्टेटकडे राहिले, आणि पन्नासएक वर्षं कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. २०१७ साली ॲमेझॉननं ते घेतले. बातम्यांमधला आकडा होता २५ कोटी डॉलर. त्याच वर्षी ख्रिस्टोफर इस्टेटच्या संचालकपदावरून दूर झाले. त्यांना तर जॅक्सनचे सिनेमेही मान्य नव्हते. २०१२ मध्ये 'ल माँड' या फ्रेंच वृत्तपत्राशी बोलताना ते म्हणाले होते, की सिनेमावाल्यांनी पुस्तकाचा कोथळा काढून पोरांसाठी मारधाडीचा चित्रपट केला. आज मालिकेला झोडपताना ज्या सिनेमांचे दाखले दिले जातात, त्यांच्याबद्दल लेखकाच्या मुलाचं हे मत होतं. त्या वेळी वाचकांचीही ओरड होतीच: कादंबरीतलं टॉम बॉम्बडिल हे पात्र कुठे गेलं, अमुक प्रसंग का गाळला. वीस वर्षांत ती ओरड विरली आणि सिनेमे अभिजात झाले.

हक्कांनंतर खर्च. पहिल्या सीझनच्या चित्रीकरणावर सुमारे ४६.५ कोटी डॉलर गेले. न्यूझीलंडच्या मंत्र्यानं त्यांच्या चलनात ६५ कोटी डॉलर असा आकडा सांगितला होता. आपल्या रुपयांत त्या वेळच्या दरानं साडेतीन हजार कोटींच्या वर. तेही आठ भागांसाठी. ऑगस्टमध्ये मुंबईत आशिया-पॅसिफिकसाठीचा प्रीमियर झाला, कलाकारांचा ताफाच्या ताफा आला. मालिका येण्याआधी आमच्या भाच्याला तिच्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे किंमत. पंगतीत पान वाढण्याआधीच यजमानानं खर्च सांगितला, की जेवणारा मीठ कमी पडलेलं बरोबर पकडतो.

सातकर्णी आणि शिवाजी महाराज एकाच दरबारात

आता माझ्या मते सगळ्यात वजनदार तक्रार. बाकीच्या तिच्यापुढे मला किरकोळ वाटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

सनावळीप्रमाणे एल्फांच्या अंगठ्या पूर्ण होतात १५९० साली आणि नूमेनॉर बुडतं ३३१९ साली. मध्ये सतराशेहून जास्त वर्षं. मालिकेत मात्र अंगठ्या घडत असताना नूमेनॉरचे शेवटचे लोक, इसिल्दुर, त्याचा बाप एलेंडिल, सत्तेवर डोळा ठेवून असलेला फाराझॉन, सगळे हिंडताफिरताना दिसतात. गौतमीपुत्र सातकर्णी आणि शिवाजी महाराज एकाच दरबारात बसलेले दाखवावेत, साधारण तेवढं अंतर मिटवलं आहे.

जे. डी. पेन आणि पॅट्रिक मॅके या शोरनर, म्हणजे मालिकेची सूत्रं सांभाळणाऱ्या, जोडीनं याचं कारण उघडपणे सांगितलं होतं, आणि ते खोटं नाही. सनावळीबरहुकूम गेलं तर दर सीझनला दोनशे वर्षांची उडी मारावी लागेल आणि माणसांची पात्रं दर वेळी मरून जातील. एल्फ अमर असतात. त्यांचा नट तोच राहील. पण पहिल्या सीझनमध्ये ज्या माणसावर प्रेक्षकाचा जीव जडला तो दुसऱ्यात स्मशानात, तिसऱ्यात त्याची खापरपणतवंडं. मालिका चालवणाऱ्याला हे परवडत नाही.

मात्र टॉल्किनला तेच हवं होतं. आपल्या पुस्तकाचा खरा विषय मरण आणि अमरत्व हा आहे, असं त्यांनी पत्रांतून एकाहून अधिक वेळा लिहिलं आहे. दुसऱ्या युगाची शोकांतिका त्यावरच उभी आहे. नूमेनॉरची माणसं इतर माणसांपेक्षा खूप जास्त जगतात, सुखात असतात, पण शेजारचे एल्फ मरतच नाहीत हे पिढ्यानपिढ्या बघून बघून कुढत जातात. आधी हेवा, मग भीती, मग थडगी सजवण्याचं वेड, आणि अखेर अमरत्व हिसकावून आणायला निघालेलं आरमार. हे विष चढायला शेकडो वर्षं लागतात. आजोबांना जे खटकलंही नसतं ते नातवाला सलतं, पणतू त्यासाठी तलवार उपसतो. मालिकेत नूमेनॉरमध्ये एल्फांबद्दल राग आहे खरा, पण पहिल्या सीझनमध्ये तो येतो कसा, तर हे एल्फ लोक न थकता काम करतात, आपले धंदे बुडवतील, अशा चौकातल्या भाषणातून. मी ते दृश्य बघताना कपाळावर हात मारून घेतला. हे आपल्याकडच्या कुठल्याही निवडणुकीतलं भाषण आहे. मरणाच्या भीतीशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणून कुणी "वर्षं बदलली" अशी तक्रार करतो तेव्हा त्याला तारखांचा कीस काढणारा म्हणून उडवून लावू नये. वर्षं गेली की दुःखाचं कारणच जातं.

याच पठडीतल्या बाकीच्या तक्रारी भराभर सांगतो. पुढे फ्रोडोच्या हाती येणारी सॉरॉनची मुख्य अंगठी सोडली तर पुस्तकात एल्फांच्या तीन अंगठ्या सगळ्यात शेवटी घडतात आणि सॉरॉनचा हात त्यांना लागत नाही. मालिकेत त्या आधी घडतात. गँडाल्फ आणि इतर जादूगार परिशिष्टाप्रमाणे तिसऱ्या युगात येतात; मालिकेत आकाशातून पडलेला अनोळखी माणूस अखेर तोच निघतो. मिथ्रिल या धातूवाचून एल्फ कोमेजून जातील ही कल्पना टॉल्किनची नाहीच. आणि दुसऱ्या सीझनमध्ये एलरॉन्ड हा एल्फ मालिकेची एल्फ नायिका गॅलाड्रिएल हिचं चुंबन घेतो, जी पुस्तकाप्रमाणे त्याची होणारी सासू. प्रसंगाला कारण होतं, त्यातून त्यानं तिला सुटकेचं साधन चोरून दिलं, पण आमच्या घरी बायकोला हे नातं सांगितल्यावर तिनं जो चेहरा केला तो अजून आठवतो.

गॅलाड्रिएल चिलखत घालून तलवार फिरवते यावरही पुष्कळ ओरड झाली. इथे मात्र पुस्तकवाल्यांनीच पुस्तक नीट वाचलेलं नव्हतं. टॉल्किन यांनी एका पत्रात तरुण गॅलाड्रिएलचं वर्णन करताना तिची वृत्ती 'ॲमेझॉन' होती असंच लिहिलं आहे. ग्रीक पुराणातल्या लढवय्या बायका या अर्थानं. पुढे त्याच नावाची कंपनी तिच्यावर मालिका काढेल हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. ती तलवार धरते याचं मला काही नाही. हजारो वर्षं जगलेली बाई सतत एखाद्या रागीट शिकाऊ शिपायासारखी का वागते, एवढंच मला विचारायचं होतं.

गोसावी रावण आहे हे कुणाला ठाऊक?

बायकोची तक्रार पुस्तकाशी संबंधित नव्हती. तिला कंटाळा आला होता. तिच्यासारख्या प्रेक्षकांची संख्या पुस्तकवाल्यांपेक्षा कितीतरी मोठी, पण त्यांचा आवाज कमी. कारण कंटाळलेला माणूस भांडत नाही, रिमोट उचलतो.

कंटाळ्याचं मूळ मला पहिल्या सीझनच्या रचनेत दिसतं. आठही भाग दोन कोड्यांवर लटकवलेले आहेत: सॉरॉन कोण, आणि आकाशातून पडलेला तो कोण? पहिल्या कोड्याचं उत्तर, समुद्रात तराफ्यावर भेटलेला हॅलब्रँड, पुष्कळांनी तेव्हाच हेरलं होतं. कोडं टिकवायचं म्हणजे त्या पात्राच्या मनात आपल्याला डोकावू द्यायचं नाही. मग त्याच्यात जीव गुंतणार कसा?

आपल्याकडे भिक्षा मागायला आलेला गोसावी रावण आहे हे पोराटोरांना ठाऊक असतं. सीतेला ठाऊक नसतं. ती रेषेकडे पाऊल टाकते तेव्हा श्वास अडकतो तो त्यामुळेच. टॉल्किनच्या मूळ कथेतली गंमतही अशीच आहे: सॉरॉन देखणं रूप घेऊन, भेटी देणारा बनून एल्फ कारागिरांकडे येतो, वाचकाला माहीत असतं, त्या कारागिरांच्या प्रमुखाला, केलेब्रिंबॉरला, नसतं.

दुसरा सीझन ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि त्यानं हेच केलं. आता कोडं उरलं नव्हतं. चार्ली व्हिकर्सचा सॉरॉन आणि चार्ल्स एडवर्ड्सचा केलेब्रिंबॉर समोरासमोर, भट्टी पेटलेली, एक कारागीर हळूहळू आपल्याच हुशारीच्या जाळ्यात सापडत चाललेला. मालिकेच्या नावानं बोटं मोडणारेही या दृश्यांपुढे गप्प झाले. बायकोनं मोबाईल खाली ठेवला. पहिल्या सीझनपासून सगळ्यांना आवडलेलं आणखी एक ठिकाण म्हणजे खझाद-दूम या डोंगरातल्या नगरीतलं ड्वार्फांचं, म्हणजे बुटक्या, खाणी खोदणाऱ्या जमातीचं, घर: राजपुत्र दुरिन आणि त्याची बायको दीसा. वीस वर्षं भेटायला आला नाहीस म्हणून दुरिन एलरॉन्डवर रुसतो. एल्फाला वीस वर्षं म्हणजे काल-परवा. ड्वार्फाचं मधल्या काळात लग्न झालं, पोरं झाली. बघा, काळाचा विषय एवढ्याशा रुसव्यातूनसुद्धा मांडता येतो. हे त्यांना जमत होतं, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

कातडीचा रंग आणि सुक्याबरोबर ओलं

फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिली छायाचित्रं बाहेर आली. तेव्हा कुणी एक दृश्यही पाहिलेलं नव्हतं, पण गदारोळ सुरू झाला होता. एल्फाच्या भूमिकेत पोर्तो रिकोचा इस्माएल क्रूझ कॉर्डोव्हा आणि दीसाच्या भूमिकेत कृष्णवर्णीय सोफिया नॉम्वेटे हे लोकांना खुपलं. ट्रेलरखाली वेगवेगळ्या भाषांत एकच वाक्य हजारोंनी चिकटवलं गेलं: दुष्टतेला नवं काही निर्माण करता येत नाही, ती फक्त चांगल्याची नासाडी करते. खाली टॉल्किनचं नाव. त्या शब्दांत ते वाक्य टॉल्किननं कुठेही लिहिलेलं नाही. जवळपास जाणारा एक विचार फ्रोडोच्या तोंडी आहे, पण तो ऑर्क, म्हणजे सॉरॉनच्या सैन्यातले राक्षस, कसे निपजले याबद्दल.

कलाकारांना धमक्या आणि शिव्या गेल्या. जॅक्सनच्या सिनेमांत हॉबिट (फ्रोडोची बुटकी जमात) झालेले नट त्यांच्या बाजूनं उभे राहिले. निरनिराळ्या रंगांच्या कानांची चित्रं असलेले टी-शर्ट घालून, इथे सगळ्यांचं स्वागत आहे असा मजकूर छातीवर मिरवत त्यांनी फोटो टाकले. आणि कादंबरीच्या प्रस्तावनेत तर हार्फूट जमातीचे हॉबिट इतरांपेक्षा सावळे होते असं टॉल्किननंच लिहिलं आहे. दीसाला दाढी का नाही, हा प्रश्न त्या मानानं जास्त अभ्यासू म्हणायचा. ड्वार्फ बायका दिसायला पुरुषांसारख्याच असतात असं परिशिष्टात खरोखर आहे.

या सगळ्याचा तोटा असा झाला, की सुक्याबरोबर ओलंही जळलं. ज्यांना काळाबद्दल, रचनेबद्दल, संवादांबद्दल बोलायचं होतं त्यांच्याकडेही संशयानं बघितलं जाऊ लागलं. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी तर मालिकेवर काही लिहायचंच सोडून दिलं, कारण पहिल्या वाक्यात आपण वर्णद्वेष्टे नाही हे सिद्ध करावं लागतं आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत कुणी थांबत नाही. उलट बाजूला, मालिका आवडली म्हणणाऱ्याला "पैसे किती मिळाले?" असं विचारलं जाई.

आकडे कसे वाचायचे

आता ज्याच्यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो ते: रेटिंग. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर पहिल्या सीझनला टीकाकारांकडून ८० च्या वर टक्के होते आणि प्रेक्षकांकडून ४० च्या खाली. लोकांनी सोयीप्रमाणे एक आकडा उचलला आणि दुसऱ्याच्या डोक्यात घातला.

पण ते टक्के म्हणजे गुण नव्हेत. ती उत्तीर्णांची टक्केवारी आहे. आपल्याकडे जूनच्या आसपास शाळांच्या फाटकांवर फलक लागतात ना, दहावीचा निकाल १०० टक्के? त्यातून एवढंच कळतं, की सगळी पोरं पास झाली. सगळी ४० गुणांवर असतील किंवा सगळी ९० वर. टीकाकारांचा आकडा असाच. शंभरातल्या ८३ जणांनी "ठीक आहे, बघा" म्हटलं तरी ८३ आणि नाचत सांगितलं तरी ८३. प्रेक्षकांचा आकडाही उत्तीर्णांचाच. पाचपैकी साडेतीन तारे दिले तर पास, तीन दिले तर नापास. "बरी आहे, तीन तारे" म्हणणारी माझी बायको त्या हिशेबात मालिकेला नापास करते आणि शिव्या घालणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसते.

त्यात भर म्हणजे गुण द्यायला येतो कोण? ज्याला फार आवडलं तो, किंवा ज्याचं डोकं फिरलं तो. मधला माणूस भांडी घासायला गेलेला असतो. त्यामुळे अशा मालिकांचा आलेख बघितलात तर दहा आणि एक या दोन टोकांना उंच मनोरे आणि मध्ये खड्डा. आणि झुंडीनं येऊन, कित्येकदा न बघताच, एक-एक तारा टाकत सुटणं, ज्याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात, तेही झालं. ते रोखायला ॲमेझॉननं आपल्या प्लॅटफॉर्मवरचे प्रेक्षकांचे रिव्ह्यू ७२ तास अडवून ठेवले. उद्देश समजण्यासारखा होता, पण मालिका ज्याची, रिव्ह्यूचा दरवाजाही त्याचाच, आणि वर आयएमडीबी हे गुण देणारं दुसरं मोठं संकेतस्थळसुद्धा १९९८ पासून त्याच कंपनीच्या मालकीचं. लोकांनी शंका घेतली तर त्यांना फार दोष देता येत नाही.

या सगळ्यापेक्षा एक रुक्ष आकडा मला जास्त बोलका वाटतो. पहिल्या दिवशी जगभरात अडीच कोटी लोकांनी मालिका बघितली असं कंपनीनं जाहीर केलं. पुढच्या वर्षी 'द हॉलिवूड रिपोर्टर'नं बातमी दिली, की पहिला सीझन सुरू करणाऱ्यांपैकी अमेरिकेत ३७ टक्के आणि बाहेर ४५ टक्के लोक शेवटपर्यंत पोहोचले. पंगतीला बसलेल्यांतले निम्म्याहून जास्त ताक येण्याआधीच उठले. यातले वर्णद्वेष्टे किती, पुस्तकवाले किती? थोडेच असणार. बाकी सगळे आमच्या घरच्यासारखे: रागावलेले नव्हते, उद्या बघू म्हणाले आणि तो उद्या आला नाही.

मत आणि बघणं या दोन गोष्टी किती वेगळ्या चालतात याचं उलटं उदाहरणही ॲमेझॉनकडेच आहे. रॉबर्ट जॉर्डन यांच्या पुस्तकांवरची 'द व्हील ऑफ टाइम' पहिल्या सीझनला वाचकांच्या शिव्या खाऊन सुरू झाली, सुधारत गेली, तिसऱ्या सीझनला टीकाकारांनी डोक्यावर घेतलं, आणि मे २०२५ मध्ये बंद पडली.

लेखक हयात असता, सगळे हक्क हातात असते तर भांडण झालं नसतं का? तसंही नाही. 'रिंग्ज ऑफ पॉवर'च्या दोनच आठवडे आधी 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या जगातली 'हाउस ऑफ द ड्रॅगन' ही मालिका सुरू झाली होती. तिचाही आधार इतिहासवजा ग्रंथच, पण सगळा ग्रंथ हाताशी आणि लेखक जॉर्ज मार्टिन निर्मात्यांत. तिची सुरुवात चांगली झाली. मात्र २०२४ मध्ये मार्टिन यांनी स्वतःच दुसऱ्या सीझनमधल्या बदलांवर जाहीर नाराजी लिहिली, आणि काही तासांत ती काढूनही टाकली.

राहिला टॉम बॉम्बडिल. सिनेमातून वगळला म्हणून ज्याच्यासाठी वाचकांनी कित्येक वर्षं गळा काढला, त्याला दुसऱ्या सीझनमध्ये आणलं. प्रतिक्रिया: याला इथे कशाला आणलं?

तिसऱ्या सीझनबद्दल कंपनीनं सांगितलंय, की कथा काही वर्षं पुढे जाईल, एल्फांचं सॉरॉनशी युद्ध ऐन भरात असेल आणि युद्ध जिंकण्यासाठी तो ती मुख्य अंगठी घडवायच्या मागे असेल. सनावळीत अंगठी घडते १६०० च्या सुमारास आणि युद्ध पेटतं १६९३ साली. आधी अंगठी, मग त्र्याण्णव वर्षांनी युद्ध. मालिकेत आधी युद्ध, मग अंगठी. भाचा आता इंजिनिअरिंगला आहे, गणपतीला आला होता, त्याला मी हे पुस्तक उघडून, साल दाखवून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, तू सनावळी बघ. मी अंगठी बघतो."